एकाच नदीची दोन कुरणे

मागच्या उन्हाळ्यात योसेमिटीला गेलो होतो. आपली मंडळी योसेमिटी पाहिले म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा खालची दरी पाहिलेली असते: धबधबा, फोटो, डब्यातले ठेपले आणि परत. आम्ही या वेळी टायोगा रस्त्याने वर, तुऑलमी मेडोजला गेलो. मेडो म्हणजे डोंगरातले कुरण. ८,६०० फुटांची उंची, भोवती ग्रॅनाईटचे घुमट, मधून रमतगमत जाणारी तुऑलमी नदी. दोन तास नुसते बसून होतो. बायको म्हणाली, "इथे कधी काही घडलंच नसेल, नाही?"

घडले आहे ना! जॉन म्यूर १८६९ साली इथे आला तो मेंढ्यांच्या कळपाबरोबर. या मेंढ्या टोळधाडीसारखे कुरण साफ करतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे १८८९ मध्ये याच कुरणात त्याने आणि रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन या संपादकाने तंबू ठोकला आणि राष्ट्रीय उद्यानाची मोहीम आखली. १८९० मध्ये उद्यान झाले, कुरण वाचले.

पण हीच नदी खाली उतरली की दुसरे कुरण लागायचे. त्याचे नाव हेच हेची. (मराठी वाटते, पण तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले आहे. खाण्याजोगे बी देणाऱ्या एका गवतावरून ते पडले, असे म्हणतात.) १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को आगीत जळाले आणि पाण्याची मागणी पेटली. म्यूर कडाडून भांडला. तरी १९१३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी रेकर कायद्यावर सही केली. वर्षभराने म्यूर गेला. १९२३ मध्ये धरण पुरे झाले आणि राष्ट्रीय उद्यानातलेच कुरण पाण्याखाली गेले.

इंजिनियर म्हणून कबूल करतो, काम अफलातून आहे. १६७ मैल पाणी केवळ उतारावर, पंपाशिवाय येते! १९३४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पोचले.

हे वाचताना मला आपली मुळशी आठवत राहिली. काळ तोच. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, मुंबईच्या विजेसाठी आपली भातखाचरे बुडू नयेत म्हणून. तेही हरले. पण मुळशीत जमीन कोणाची, हा प्रश्न निदान विचारला गेला. हेच हेचीत दोन्ही बाजू गोऱ्यांच्याच: एकीला पाणी हवे, दुसरीला निसर्ग. त्या कुरणात पिढ्यान् पिढ्या गवताचे बी आणि ओकची फळे गोळा करणाऱ्या मिवोक आणि पायूट लोकांचे म्हणणे त्या वादात ऐकूच येत नाही. १८५१ मध्येच मारिपोसा बटालियनने शेजारच्या योसेमिटी दरीतल्या वस्त्या जाळून लोकांना हुसकावले होते. 'निर्जन निसर्ग' तयार झाला तो असा. वरच्या कुरणातल्या ज्या शांततेचे आम्ही कौतुक करत होतो, तीही त्यातलीच.

पीएच.डी. संपवून पालो आल्टोला नोकरीला लागलो तेव्हा, "इथलं नळाचं पाणी थेट डोंगरातलं हं," असे एका सहकाऱ्याने अभिमानाने सांगितले होते. कुठल्या डोंगरातले, हे मी तेव्हा विचारले नव्हते. परतीच्या वाटेवर मुलाला तहान लागली. घरून भरून आणलेली बाटली काढली, त्याला दिली आणि उरलेले मी प्यायलो. पाणी खरेच गोड आहे.