काच पुसणारी बाई

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या नात्यातली काही मुलं अमेरिका-कॅनडाच्या बर्फात गाडी चालवत असतात आणि काही दिल्लीकडच्या धुक्यात. आपण "सावकाश जा रे" म्हणतो, दुसरं काय म्हणणार? पण आयुष्यभर इतिहास शिकवला असल्यामुळे माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न आला. थंडीत समोरचा रस्ता दिसावा म्हणून पहिली धडपड कुणी केली?

त्यात एक नाव येतं ते मेरी अँडरसन या बाईंचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या. १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्राममध्ये बसल्या असताना त्यांनी पाहिलं, की ओला बर्फ पडून समोरची काच भरते आहे आणि चालक बिचारा काच उघडून, बोचरा वारा तोंडावर घेत ट्राम चालवतो आहे. त्याच्याबरोबर उतारूही कुडकुडत होते. ही गैरसोय बाकीच्यांनी मुकाट्याने सोसली. बाईंनी मात्र घरी जाऊन त्यावर उपाय शोधला.

उपाय अगदी साधा होता. चालकाने आतून हलवायचा दांडा, बाहेर काचेवर फिरणारी रबराची पट्टी आणि ती काचेला टेकून राहावी म्हणून वजन. हिवाळा सरला की सगळं काढून ठेवायचं. १० नोव्हेंबर १९०३ ला त्याचं पेटंट मिळालं. पुढे १९०५ साली एका कॅनडातल्या कंपनीने "याला बाजारात किंमत नाही" अशा अर्थाचं उत्तर देऊन नकार कळवला. तेव्हा मोटारी होत्या तरी किती! फोर्डची मॉडेल टी आली १९०८ मध्ये. पेटंटची सतरा वर्षं १९२० मध्ये संपली आणि त्यानंतर वायपर सर्रास गाड्यांवर दिसू लागले. बाईंच्या हाती काहीच आलं नाही. १९५३ मध्ये त्या वारल्या. अमेरिकेतल्या संशोधकांच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव आलं ते २०११ साली!

दुसरा माणूस इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा, पर्सी शॉ. रस्तेदुरुस्तीची कामं करणारा. त्या भागात धुकं फार. रात्री दिव्यात चमकणाऱ्या ट्रामच्या रुळांवरून रस्त्याचा अंदाज यायचा, तेही उखडले जाऊ लागले होते. शॉने १९३४ मध्ये 'कॅट्स आय'चं पेटंट घेतलं. रबरात बसवलेले काचेचे मणी गाडीच्या दिव्याचा उजेड चालकाकडे परत पाठवतात. गंमत अशी, की वरून चाक गेलं की रबर दाबलं जातं आणि मणी आपोआप पुसले जातात. दुसऱ्या महायुद्धात रस्त्यांवरचे दिवे बंद झाले, तेव्हा या मण्यांची खरी किंमत कळली. आपल्या घाटातल्या रस्त्यांवर रात्री चमकणारे ठिपके यांचेच भाऊबंद.

मला यात मोठं वाटतं ते हे, की दोघांपैकी कुणीही मोटारी बनवणारा नव्हता. चालकाची अडचण त्यांना दिसली, एवढंच. राजे आणि लढाया शिकवताना असली माणसं आमच्या पुस्तकांत कधी आली नाहीत.

असो. मुलांनो, या दोघांनी रस्ता दिसण्याची सोय केली. पण बर्फावर गाडी कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी लांब जाऊन थांबते, तिथे वायपर काय करणार? निघण्यापूर्वी बर्फ खरवडून सगळी काच साफ करा, नुसतं डोळ्यांपुरतं भोक नको. धुक्यात दिवे खालीच ठेवा, वरचा झोत धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. आणि फारच दिसेनासं झालं, तर त्या दिवशी जाऊच नका. काम दुसऱ्या दिवशीही होतं.