एलियाहू हनाबी

एलियाहू हनाबी (मराठी बायबलमधील नाव: एलीया) हे इ.स.पू. ९व्या शतकात उत्तरेकडील इस्रायल राज्यात होऊन गेलेले संदेष्टे मानले जातात. ‘हनाबी’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘संदेष्टा’ असा आहे. महाराष्ट्रातील बेने इस्रायल ज्यू समाजात ते नवसाला पावणारे म्हणून विशेष पूज्य आहेत. रब्बींच्या भाष्यपरंपरेने मात्र त्यांच्या निष्ठेइतकीच त्यांच्या निराशेचीही चिकित्सा केली आहे.

बायबलमधील वृत्तांत

‘१ राजे’ या ग्रंथानुसार राजा अहाबच्या काळात एलियाहूंनी कर्मेल पर्वतावर बआल देवाच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिले. त्यांच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला. तथापि, राणी ईजबेलने ठार मारण्याची धमकी देताच ते रानात पळाले आणि एका झुडपाखाली बसून त्यांनी मरण मागितले. पुढे होरेब पर्वतावर ‘तू येथे काय करतोस?’ असा प्रश्न ईश्वराने त्यांना दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर एकच होते: लोकांनी करार मोडला आणि निष्ठावंत असा मी एकटाच उरलो. या दोन प्रश्नांच्या मध्ये वारा, भूकंप, अग्नी आणि अखेर एक मंद स्वर असे दर्शन घडते. तरीही उत्तरात एका शब्दाचाही फरक पडत नाही. त्यानंतर अलीशाला आपल्या जागी संदेष्टा नेमण्याची आज्ञा त्यांना होते.

रब्बींचे भाष्य

कर्मेलवरील प्रार्थनेत ‘मला उत्तर दे’ हे शब्द दोनदा येतात. तालमूदमधील ‘बराखोत’ या प्रकरणात त्याचे कारण असे दिले आहे की, पहिली विनंती अग्नी उतरावा यासाठी होती आणि दुसरी, लोकांनी त्याला जादूटोणा म्हणू नये यासाठी. म्हणजे चमत्कार घडला तरी संशय उरेल, हे संदेष्ट्याने गृहीतच धरले होते. याच प्रार्थनेतील, लोकांची मने देवानेच फिरवली, अशा अर्थाच्या वाक्याला रब्बी एलाझार ईश्वरावरील उद्धट आरोप म्हणतात. विशेष म्हणजे ईश्वराने हा आरोप मान्य केला, असेही तेथेच पुढे म्हटले आहे.

देवाशी केलेले भांडण रब्बी खपवून घेतात, लोकांविरुद्धची तक्रार मात्र नाही. ‘मेखिल्ता’ या प्राचीन भाष्यानुसार एलियाहूंनी पित्याचा मान राखला, पण पुत्राचा राखला नाही; येथे पिता म्हणजे ईश्वर आणि पुत्र म्हणजे इस्रायल. अलीशाची नेमणूक ही या भाष्यात एक प्रकारची बडतर्फीच ठरते. ‘पिर्के द-रब्बी एलिएझर’ या नंतरच्या ग्रंथात याचा पुढचा भाग येतो: लोकांनी करार मोडला म्हणणाऱ्याने यापुढे प्रत्येक सुंतेच्या विधीला, म्हणजे करार पाळला जात असताना, साक्षीदार म्हणून हजर राहावे. सुंतेच्या वेळी एलियाहूंसाठी खुर्ची मांडण्याच्या प्रथेचा उगम या कथेशी जोडला जातो.

बेने इस्रायल परंपरा

कोकणात तेलाचा व्यवसाय करणारे आणि शब्बाथ पाळणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा हा समाज शतकानुशतके तालमूदपासून दूर होता. शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्याने जपली. येथील एलियाहू तक्रार करणारे नाहीत, ते संकटात धावून येणारे आहेत. लग्न, गृहप्रवेश, प्रवास किंवा नवसफेड अशा प्रसंगी त्यांच्या नावाने ‘मलिदा’ करतात. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे ताटात ठेवून हिब्रू स्तवन व आशीर्वाद म्हटले जातात. मलिदा हा शब्द मूळचा फारसी असून दर्ग्यांतील प्रसादालाही तेच नाव आहे.

अलिबाग तालुक्यातील खंडाळे-सागाव परिसरात (लोणावळ्याजवळचे खंडाळा निराळे) खडकावरील खुणांना ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. एलियाहूंच्या रथाचे घोडे येथून स्वर्गाकडे निघाले, त्यांच्या टापांच्या या खुणा, अशी श्रद्धा आहे. बायबलमध्ये हे स्वर्गारोहण यार्देन नदीपलीकडे घडते. त्यामुळे स्थानिक कथेचा मूळ ग्रंथाशी मेळ बसत नाही, पण भाविकांना त्याची अडचण वाटत नाही. ‘तू बिश्वात’ या वृक्षांच्या नववर्षाला समाजात ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ असेही म्हटले जात असे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायल कुटुंबांतही मलिद्याची प्रथा सुरू आहे.