गाडी मिसिंग करतेय? आधी कुठला सिलिंडर ते शोधा, मग पार्ट घ्या

मालवण : चतुर्थीला आठ-पंधरा दिवस राहिले की गावागावात मांगरातल्या, शेडमधल्या गाड्या बाहेर निघतात. पावसात दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी चालू होते, पण जागेवर थरथरते, चढावर ओढत नाही, मध्येच झटके मारते. आपल्याकडे याला ‘गाडी मिसिंग मारता’ म्हणतात. म्हणजे इंजिनाच्या तीन किंवा चार सिलिंडरपैकी एकात पेट्रोल नीट पेटत नाही. वॅगन आर 1.0, टियागो, क्विड या तीन सिलिंडरच्या गाड्या आहेत. त्यांची थोडी थरथर कायमचीच असते, तिला मिसिंग समजू नका.

सगळ्यात आधी मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा बघा. दिवा नुसता पेटलेला असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनीतल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. हजार-दोन हजारांच्या कॉईलचं काम असं अनेक हजारांवर जातं. अशा गाडीत पेशंट घालून फोंडा किंवा करूळ घाटाने कोल्हापूरला निघू नका, दुसरी गाडी बघा. सपाटीवर बरी चालणारी गाडी घाटातच का अडते, त्यालाही कारण आहे. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉईल तिथेच हात टेकते.

आता दोष शोधायचा कसा? बॅटरीची वायर काढू नका. बरेच जण पहिलं तेच करतात आणि कॉम्प्युटरमध्ये साठलेले कोड पुसून टाकतात. 2013 नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली स्कॅनर लावायचा सॉकेट असतो. मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा छोटा स्कॅनर हजार-दीड हजारांत मिळतो, वाडीत चार जणांनी मिळून एक घेतला तरी पुरे. कोड पी 0301 आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी 0302 म्हणजे दुसऱ्यात. पी 0300 आला तर दोष एका जागी नाही. मग पेट्रोल, हवेची गळती, एअर फिल्टर अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी बघायच्या.

समजा कोड पी 0302 आहे. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असेल तर बहुतेक गाड्यांत ती दहाच्या पान्याने सुटते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवून बघा. कोड 0303 झाला तर कॉईल गेलेली आहे. 0302 च राहिला तर तसंच प्लग बदलून बघा. तरीही दोष जागचा हलला नाही तर मग इंजेक्टर, त्याची वायरिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन. ही शेवटची कामं गॅरेजचीच.

माझ्याच गाडीचं सांगतो. एका गॅरेजने आधी सगळे प्लग बदलले, मग इंजेक्टर साफ केले. मिसिंग तशीच. शेवटी एका पोराने कॉईलचा कनेक्टर सोडला, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. खारी हवा, दुसरं काय! पिना साफ केल्यावर गाडी लागली. देवबाग, तारकर्ली, आचरा या बाजूला घर असेल तर पार्ट विकत घेण्याआधी कनेक्टर उघडून बघाच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, वाळू द्या, मग घट्ट बसवा. काथ्या किंवा पॉलिश पेपरने घासू नका, पिना सैल होतात.

प्लग काढण्याआधी त्याच्या खड्ड्यातली वाळू-धूळ हवा मारून साफ करा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. निघालेला प्लग बरंच सांगतो. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही. तेलकट टोक म्हणजे इंजिन ऑईल आत येतंय. खड्ड्यातच तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. बसवताना आधी हातानेच आटे लावा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की काम वाढतं. आणि बुलेटचा प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघतात, तसं या गाड्यांत करू नका. कॉम्प्युटर जाऊ शकतो.

उभ्या गाडीचा दुसरा शत्रू उंदीर. एअर फिल्टरच्या डब्यात काजूबियांचा साठा सापडतो, यात आपल्याकडे कुणाला नवल वाटणार नाही. कॉईलची किंवा इंजेक्टरची वायर कुरतडलेली दिसली तर नुसती टेप गुंडाळू नका, पावसाळ्यात आत ओल धरते. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह घाला. तांबडी माती काढायला बोनेट उघडून प्रेशरने पाणी मारणंही बंद करा, ते प्लगच्या खड्ड्यात उतरतं.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतात, आणि पंप तळातूनच खेचतो. म्हणून पावसाळ्यात गाडी लावून ठेवताना टाकी अर्धी-रिकामी ठेवू नका. चालू केल्यावर सगळेच सिलिंडर गडबडत असतील तर नवं पेट्रोल वर ओतत बसू नका, टाकी उतरवून जुनं काढून टाका.

सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल तर आधी प्लग आणि कॉईल तपासा, गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते. डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतो. तिथे पहिल्यांदा डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा, नंतर इंजेक्टरकडे वळा. त्या लाईनीत दाब प्रचंड असतो, त्यामुळे चालू इंजिनावर तिचे नट सैल करायला जाऊ नका.