तिसरी वायर

इस्लापूरच्या आमच्या जुन्या घरातला विजेचा बोर्ड लाकडाचा होता. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर क्लिपांत बसवलेल्या दोन वायरी आणि काळी बॅकेलाइटची बटणे. तिसरी वायर नव्हतीच. पण कोरडे लाकूड वीज वाहू देत नाही. आत वायर सुटली तरी बोर्डाला हात लावणारा बहुधा वाचायचा.

पुढे वायरी भिंतीत गेल्या आणि लाकडाच्या जागी पत्र्याचा डबा आला. घर नीटनेटके दिसू लागले, पण लाकडाचे संरक्षण गेले. फेजची वायर सैल होऊन पत्र्याला टेकली की अख्खा डबा 230 व्होल्टचा होतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आम्हाला ते अम्मीमुळे कळले. पहाटे वुजू करून, ओल्या हाताने, अनवाणी तिने बटण दाबले. बोट बोर्डाच्या स्क्रूला लागले आणि ती मागे फेकली गेली. वाचली, अल्हम्दुलिल्लाह. डबा उघडला तर हिरवी वायर आत होती, पण कशालाच न जोडता दुमडून ठेवलेली.

कायदा झोपलेला नव्हता. भारतीय वीज नियम, 1956 मधला 61वा नियम सांगत होता की वायरी आणि उपकरणे झाकणारे धातूचे प्रत्येक आवरण जमिनीशी जोडलेले हवे, आणि ही जोडणी कुठेही तुटता कामा नये. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, खांब गावोगावी पोचले. अर्थिंगचे भारतीय मानक, आयएस 3043, 1966 साली आले. मात्र मीटरच्या पुढची वायरिंग ज्याची त्याची. दिवा दोन वायरींवरही लागतो, म्हणून काटकसर तिसरीवरच झाली.

आम्ही अंगणात खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरून अर्थिंग केले आणि प्रत्येक डब्याला हिरवी वायर जोडली. तेवढ्यावर भागत नाही. अर्थिंगचा रोध 10 ओहम असेल तर दोषाच्या वेळी सुमारे 23 अँपिअर वाहतात आणि 5 अँपिअरचा फ्यूज उडतो. उन्हाळ्यात मुरमाड जमीन वाळून रोध 100 ओहम झाला तर जेमतेम 2.3 अँपिअर वाहतात. फ्यूज शाबूत, डबा जिवंत! म्हणून खड्ड्यात पाणी घालायचे, आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा आरसीसीबीही बसवायचा.

थ्री-पिन प्लगची वरची पिन लांब का असते, हे मला तेव्हा उमगले. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. प्लग बनवणाऱ्याने जिवाचा विचार विजेच्या आधी केला होता. आपल्या घराच्या, मशिदीच्या वुजूखान्याच्या भिंतीत तो विचार पोचला आहे का, एवढे एकदा चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या.