सेवाग्रामचा चित्रवर्ग

मुंबई इलाख्यातील शाळांत चित्रकलेला स्थान मिळाले ते मुलांच्या कल्पनाशक्तीला वाव द्यावा म्हणून नव्हे, तर हाताला वळण आणि नजरेला माप लागावे म्हणून. 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमागेही मुख्यतः कुशल कारागीर घडवण्याचाच हेतू होता. पुढे रूढ झालेल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्राला, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूच्या यथातथ्य रेखाटनाला, मोठे महत्त्व आले. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची मोजणारा विद्यार्थी निरीक्षण नक्कीच शिकत होता; परंतु मुलाचे चित्र म्हणजे प्रौढाच्या चित्राची कच्ची आवृत्ती, हे गृहीतक त्यामुळे अधिकच पक्के झाले.

या गृहीतकाला युरोपात छेद दिला तो फ्रांझ चिझेक यांनी 1897 मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी काढलेल्या कलावर्गाने. थेट डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस किंवा भिंतीआडची माणसेही दिसणारे घर ही चूक नसून मुलाच्या वाढीतील एक स्वाभाविक पायरी आहे, ही दृष्टी अशा प्रयत्नांतून रुजत गेली.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देणारी योजना मांडली, तीच पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखताना मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या उद्योगाला, दिवसाचे 3 तास 20 मिनिटे दिली, तर संगीत, चित्रकला आणि अंकगणित या तिघांना मिळून अवघी 40 मिनिटे. हा वाटा तोकडाच होता.

तरीही 1944 मध्ये शांतिनिकेतनहून, नंदलाल बोस यांच्याकडे शिकून, सेवाग्राम आश्रमातील नई तालीमच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलेल्या देवी प्रसाद यांनी त्या चौकटीत राहूनच तिचा अर्थ बदलला. कला ही निवडक गुणी मुलांची मिरास नसून प्रत्येक मुलाची भाषा आहे, आणि शिक्षकाने मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ ओढणे म्हणजे त्याच्या तोंडचा शब्द काढून घेणे होय, असा त्यांच्या विचाराचा गाभा सांगता येईल. सूतकताई, शेती, सफाई आणि सणसमारंभ यांनी भरलेला आश्रमशाळेचा दिवसच चित्रांना विषय पुरवू शकत होता. म्हणूनच वेळापत्रकातील तास कमी पडला तरी अनुभव कमी पडण्याचे कारण नव्हते. नई तालीमच्या इतिहासात चरख्याविषयी विपुल लिहिले गेले, त्यामानाने या चित्रवर्गाची दखल फारच थोडी घेतली गेली, ही उणीव खेदजनक आहे.

1962 मध्ये देवी प्रसाद इंग्लंडला गेले. पुढे सेवाग्रामची शाळाही बंद पडली. ती ‘आनंद निकेतन’ या नावाने 2005 मध्ये त्याच परिसरात पुन्हा सुरू झाली.