मुरलीकांत पेटकर : एका सुवर्णपदकाचा आणि त्याच्या विस्मरणाचा इतिहास

प्रस्तावना

भारताच्या वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदकांची नोंद २००८ च्या बीजिंग स्पर्धेतील नेमबाज अभिनव बिंद्रा यांच्या नावाने सुरू होते. ही नोंद अचूक आहे. तथापि त्यापूर्वी ३६ वर्षे, ऑगस्ट १९७२ मध्ये, तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत राजाराम पेटकर यांनी पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले होते. ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक या दोन्ही स्पर्धांचा एकत्रित विचार करता भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. प्रस्तुत लेखात पेटकर यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा आढावा घेऊन, या पदकाची शासकीय पातळीवर ठळक दखल घेतली जाण्यास इतका विलंब का लागला, या प्रश्नाचा विचार केला आहे.

जीवनपट

पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी पेठ इस्लामपूर येथे झाला. तरुण वयातच ते भारतीय सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात (ईएमई) दाखल झाले. सैन्यात त्यांनी मुष्टियोद्धा म्हणून नाव मिळविले आणि १९६४ साली टोकियो येथे झालेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. पुढच्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक गोळी पाठीच्या कण्यात कायमची रुतून राहिली आणि कमरेखालील शरीर लुळे पडले. मुष्टियुद्धातील कारकीर्द तेथेच संपली. मुंबईतील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि उपचाराचा एक भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यात आला.

या सल्ल्यामागे शास्त्रीय कारण होते. पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे शरीराचा भार हलका होतो आणि जमिनीवर अशक्य असलेली हालचाल पाण्यात साध्य होते. मात्र स्पर्धात्मक जलतरण ही निराळी गोष्ट आहे. पायांची हालचाल नसल्याने शरीराचा खालचा भाग खाली ओढला जातो, पाण्याचा विरोध वाढतो आणि पुढे सरकण्याचा सारा भार खांदे व दंडांवर येतो. मुष्टियुद्धात कमावलेले बळ येथे पेटकर यांच्या उपयोगी पडले असणे स्वाभाविक आहे.

स्पर्धेची पार्श्वभूमी

डॉ. लुडविग गटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मेरुरज्जूला इजा झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी खेळाचा अवलंब केला आणि १९४८ साली तेथे पहिली स्पर्धा भरविली. १९६० साली रोम येथे या उपक्रमाला आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे व्यापक स्वरूप आले. भारत १९६८ साली तेल अवीव येथे प्रथमच सहभागी झाला. त्या चमूत पेटकर होते व ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्णपदक मिळविले. तेथे भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्यपदकही त्यांना मिळाले.

हायडेलबर्ग, १९७२

त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिक येथे होते, परंतु तेथील क्रीडाग्राम उपलब्ध न झाल्याने पॅरालिम्पिक स्पर्धा हायडेलबर्ग येथे घेण्यात आली. ५० मीटर मुक्तशैलीच्या तिसऱ्या गटात पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. भालाफेक व स्लॅलम या प्रकारांतही ते सहभागी झाले होते. यानंतर पॅरालिम्पिकमधील पुढील भारतीय सुवर्णपदकासाठी २००४ साल उजाडावे लागले. अथेन्स येथे देवेंद्र झाझरिया यांनी ते भालाफेकीत मिळविले.

दखलीचा प्रश्न

पेटकर यांनी पुढे पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज १९८० च्या दशकात मान्य झाला नाही. २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी, त्यांना पद्मश्री देण्यात आली. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) प्रदान करण्यात आला.

या विलंबाचे खापर केवळ प्रशासकीय अनास्थेवर फोडणे अपुरे ठरेल. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधव यांनाही अर्जुन पुरस्कार मरणोत्तरच मिळाला, परंतु त्यांचे पदक ‘खेळातील’ आहे याविषयी कोणाला शंका नव्हती. पेटकर यांच्या बाबतीत मूळ अडचण वर्गीकरणाची होती. ज्या पुनर्वसनाच्या विचारातून ही स्पर्धा जन्मली, त्याच विचारामुळे तिच्याकडे खेळ म्हणून नव्हे, तर उपचार व कल्याणकार्य म्हणून पाहिले गेले. ‘पॅरालिम्पिक’ या नावाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता १९८४ साली मिळाली, आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती १९८९ साली स्थापन झाली आणि भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा सर्वंकष कायदा १९९५ साली झाला. १९७२ चे पदक या साऱ्यांच्या आधीचे आहे. त्याची नोंद करण्यासाठी त्या वेळच्या व्यवस्थेत रकानाच नव्हता.

समारोप

पेटकर यांचे चरित्र बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितले जाते. ते योग्यच आहे, पण त्यात एक धोका आहे. जिद्दीचे कौतुक करताना ३७.३३ सेकंद ही क्रीडाविषयक वस्तुस्थिती मागे पडते आणि खेळाडू पुन्हा सहानुभूतीचा विषय ठरतो. इतिहासलेखनाने प्रथम त्या वेळेची नोंद घ्यावी, मग दुखापतीची. खाडी-समुद्राशी नाते सांगणाऱ्या आणि सैन्यसेवेची जुनी परंपरा असलेल्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात माजी सैनिकांच्या व दिव्यांग खेळाडूंच्या मौखिक आठवणी संकलित करण्याचे काम महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल. रकाना नसल्यामुळे जे नोंदले गेले नाही, ते शोधणे हे स्थानिक इतिहासाचे महत्त्वाचे कर्तव्य आहे.