‘डेज ऑफ योर’ : कोणाचे दिवस?

इंग्रजीत ‘डेज ऑफ योर’ असा एक जुनाट शब्दप्रयोग आहे. आज तो परीकथांत किंवा थट्टेतच उरला आहे. ‘योर’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘वर्ष’ या शब्दाच्या षष्ठी बहुवचनात सांगतात. म्हणजे अर्थ एवढाच : वर्षांचे, फार वर्षांपूर्वीचे. तेव्हा राज्य कोणाचे होते, याबद्दल तो शब्द मौन पाळतो.

मराठीला हे मौन फारसे जमत नाही. ‘पूर्वी’, ‘कोणे एके काळी’ आहेतच. पण बोलताना आपण भूतकाळ राजवटींनी मोजतो. शिवकाळ, पेशवाई, इंग्रजांचा अंमल, मोगलाई. अनुवादकाची पंचाईत इथे सुरू होते.

‘मोगलाई’च घ्या. निजामाच्या मुलखालाही मराठीत मोगलाई म्हणत. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘मोगलाईत’ हा काळ नसून नुसता ठिकाणाही असू शकतो. तो मुलूख १९४८ साली भारतात आला, तरी ‘इथे काय मोगलाई लागून गेली आहे?’ हा सवाल राहिलाच. तिथे अर्थ होतो अंदाधुंदी. आमच्या गाझियाबादचे जुने नाव गाजीउद्दीननगर. निजामाच्याच घराण्यातल्या गाजीउद्दीनवरून पडलेले. रेल्वे आल्यावर ते आखूड झाले. इथल्या हॉटेलांच्या पाट्यांवर मात्र ‘मुगलई’ म्हणजे शाही थाट. मराठीतली निंदा इथे शिफारस ठरते.

‘पेशवाई’चा पेच आणखी जवळचा. दागिन्यांच्या जाहिरातीत ‘पेशवाई थाट’ म्हटले की वैभव डोळ्यांपुढे यावे, अशी अपेक्षा असते. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त लिहिले ते ब्राह्मणी वर्चस्वाखाली भरडल्या गेलेल्या शूद्रातिशूद्रांबद्दल, त्यांच्या वाचकाला पेशवाईत थाट दिसणार नाही. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ पाहायला डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी गेले. तेव्हापासून तिथे जमणाऱ्यांच्या लेखी पेशवाई बुडाली, ही सुटकेची आठवण आहे.

म्हणून ‘डेज ऑफ योर’ला ‘फार वर्षांपूर्वी’ पुरते. आपल्या पदरची राजवट त्यात घालू नये. ‘गुड ओल्ड डेज’ आले की मात्र थांबावे. ‘ते सोन्याचे दिवस’ हे मराठी चोख उतरते, पण ते सोने कोणाच्या घरात होते, हे मूळ लेखकाला विचारल्याशिवाय पुढचे वाक्य लिहू नये.